पहिली रात्र तंबूत: नाशिकजवळच्या बिनबुकिंगच्या जागी

नाशिकच्या आसपास तंबूत राहायचे दोन प्रकार आहेत. एकात पैसे भरले की उभा तंबू, गादी, रात्रीचं जेवण आणि सकाळचे पोहे असं सगळं हातात मिळतं. भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी असं भरपूर आहे. त्याला मार्गदर्शन कशाला हवं? फोन करायचा आणि जायचं.

मी लिहितोय ते दुसऱ्या प्रकाराबद्दल. गावच्या समितीने किंवा पाड्यातल्या लोकांनी रानाच्या कडेला एक तुकडा झाडून-लोटून ठेवलेला असतो. आठ-दहा तंबू मावतील एवढी जागा, एक हापसा, पत्र्याची शेड, दोन संडास (त्यातल्या एकाची कडी लागत नाही), आणि पावती फाडायला गावातले एखादे मामा. बुकिंग नाही, वेबसाइट नाही. आधी येईल त्याची जागा. तंबू आपला, अंथरूण आपलं, जेवण आपलं. मी जिथे वर्षातून तीन-चारदा जातो त्या जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दहा तंबूंची जागा आहे, पंचवीस आले तर हापसा आटेल आणि मामा वैतागतील. त्र्यंबक, हरसूल, इगतपुरी, पेठ या पट्ट्यात चौकशी केलीत तर तुमची जागा तुम्हाला सापडेल.

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एक गोष्ट विसरू नका: दुपारी तीनच्या आत पोहोचायचं. खाली जे काही सांगतोय त्यातलं निम्मं उजेड असला तरच जमतं. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि डोंगराच्या पूर्व पायथ्याला तर त्याच्याही अर्धा-पाऊण तास आधी सावली येते. म्हणजे साडेपाचला पोहोचलेला माणूस अंधारातच तंबू लावतो.

कधी जायचं

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीअखेर.

पावसाळ्यात नवख्याने या भागात तंबू घेऊन जाऊच नये. नाशिक शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पन्नासेक किलोमीटरवरच्या इगतपुरीत तीन हजारांच्या पुढे. नाशिकच्या कॉलेज रोडला भुरभुर बघून निघालेला माणूस घोटी ओलांडली की वायपर फुल स्पीडला टाकतो.

आणि गंमत बघा, जिथे एवढा पाऊस पडतो तिथेच एप्रिलमध्ये टँकरची वाट बघत बसलेले पाडे आहेत. खाली काळा कातळ, वर वीतभर माती आणि जमिनीला उतार. पाणी थांबतच नाही. मार्च उजाडला की हापसा चार दांड्यांनंतर खोकायला लागतो आणि बायका हंडे घेऊन खालच्या विहिरीकडे निघतात. अशा वेळी आपण शहरातून जाऊन त्याच हापशावर ताटं घासत बसणं मला जमत नाही. शिवाय तेच दिवस वणव्याचे. म्हणून मार्च ते मे मी जात नाही. कुणी जाणारच असेल तर वीस लिटरचा जार घरून भरून न्यावा, गावच्या पाण्याला हात लावू नये.

मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत भंडारदऱ्याकडे काजवे असतात. हिरड्या-बेहड्याची झाडं लुकलुकताना एकदा बघावीतच. पण त्या गर्दीत पहिला तंबू लावायला जाऊ नका.

वार कुठला, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. २०२५च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि ठाण्याची मंडळी आणखी जवळ आली. शनिवारी दुपारी चारनंतर चांगली जागा मिळेल ही आशा सोडा. माझा उपाय साधा आहे: रविवारी दुपारी जायचं. बाराच्या सुमाराला सगळे तंबू उतरतात, गाड्या परतीला लागतात आणि अख्खं मैदान तुमचं होतं. सोमवारची एक रजा पडते, तेवढी द्यावी.

थंडीचा अंदाज घेताना नाशिकचा आकडा बघू नका, निफाडचा बघा. दर हिवाळ्यात निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पेपरात येतो. तो सहावर गेला असेल तर मी सहा अंशांचे कपडे भरतो. जलाशयाकाठी आणि खोलगट जागी गार हवा उतरून साचते, तिथे शहराच्या मानाने चांगलंच जास्त गारठतं.

आधी कुणाला विचारायचं

बुकिंग नसतं म्हणजे विचारायचं नसतं, असं नाही. गावात कुणाचा तरी फोन मिळवा: चहाची टपरी, किराणा दुकान, ग्रामपंचायत. चार गोष्टी विचारा. हापशाला पाणी आहे का? गाडी कुठपर्यंत येते? शेकोटी चालते का? रात्री तिथे गावातलं कुणी असतं का? शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर आलं, तर पहिल्या मुक्कामासाठी दुसरी जागा शोधा.

राखीव वनात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. त्र्यंबक-इगतपुरी भाग नाशिक पश्चिम वनविभागात येतो. गावाने दाखवलेली जागा नेमकी कोणाच्या हद्दीत आहे, हे वनरक्षकाला विचारलेलं बरं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे, तिथले नियम वेगळे आणि कडक. वन खात्याची हेल्पलाइन १९२६ आहे. वणवा किंवा जखमी जनावर दिसलं तरी हाच नंबर लावायचा.

पैसे रोख न्या, शंभर-पन्नासच्या नोटांत. मामांकडे क्यूआर कोड असतो, पण रेंज नसते.

आणि जागा भरलेलीच निघाली तर? हुज्जत घालायची नाही, दोन तंबूंच्या मध्ये तिसरा घुसवायचा नाही. त्र्यंबकला एखादी खोली बघा, नाहीतर सरळ घरी या. घर तासा-सव्वा तासावर आहे, ही नाशिककराची मोठीच चैन.

सामान

नवखा माणूस सगळे पैसे तंबूवर घालतो आणि जमिनीवर चादर टाकून झोपतो. हे उलटं करा. तंबू मित्राकडून मागून आणला तरी चालतो. पाठीखालचं मात्र नीट पाहिजे, कारण थंडी वरून कमी आणि खालून जास्त येते. जाड फोमची मॅट, तिच्यावर घरातली गोधडी, पांघरायला दुसरी गोधडी किंवा स्लीपिंग बॅग. दोन माणसांसाठी तीन जणांचा तंबू घ्या. ‘दोन जणांचा’ म्हणतात त्यात दोन माणसं मावतात, पण त्यांच्या पिशव्या मावत नाहीत. जायच्या आधी तो एकदा गच्चीवर उभा करून बघा. कुठली काठी कशात जाते ते घरी कळलेलं बरं.

याशिवाय तंबूखाली टाकायला ताडपत्री, डोक्याला बांधायचा टॉर्च आणि एक जास्तीचा, कानटोपी, कोरडे मोजे (हे फक्त झोपताना घालायचे), सुतळीचं बंडल, खुरपं, माचिसच्या दोन पेट्या वेगवेगळ्या पिशव्यांत, आणि कचऱ्यासाठी दोन मोठ्या पिशव्या. पाणी एका रात्रीला माणशी पाच लिटर धरा. त्यातलं तीन लिटर पिण्याचं घरूनच भरा. हापशाचं पाणी स्वयंपाकाला वापरा, प्यायचं झाल्यास उकळून.

जेवणाचं जितकं घरी उरकता येईल तितकं उरका. माझं ठरलेलं आहे: एका पिशवीत एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, हळद, मीठ, चमचाभर काळा मसाला आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे. तिथे फक्त तेल तापवायचं, पिशवी ओतायची, परतायचं, साडेचार वाट्या पाणी घालायचं. दोघांची खिचडी एका भांड्यात होते आणि भांडंही एकच घासावं लागतं. दुसऱ्या दिवसासाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. पाड्यात कुणी मावशी जेवण करून देत असतील तर मात्र खिचडी तशीच परत आणा. चुलीवरची नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी मिळत असताना पातेल्यात ढवळत बसण्यात काही अर्थ नाही. फक्त हे त्यांना तीन वाजता पोहोचल्या पोहोचल्या सांगायचं, सात वाजता नाही.

एसटीने जाणार असाल तर गॅसचा डबा नेऊ नका, ज्वालाग्राही वस्तूंना बंदी असते. मग मावशी नाहीतर दशम्या.

जागा कशी निवडायची

इथे घाई करायची नाही. सामान गाडीतच राहू द्या आणि पंधरा-वीस मिनिटं नुसते हिंडा.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा संध्याकाळी सातला पोहोचलो. टॉर्चच्या उजेडात एक झकास जागा दिसली: मऊ वाळू, एकही खडा नाही, दोन्ही बाजूंना हातभर उंच मातीचा काठ, म्हणजे वाराही लागणार नाही. बाकीच्यांना ही कशी दिसली नाही म्हणून मी मनातल्या मनात हसलो सुद्धा. रात्री दोनला अवकाळी आला. फार नाही, अर्धा तास. पण डोंगरावरचं सगळं पाणी ज्या वाटेने खाली येतं त्या वाटेवरच आम्ही झोपलो होतो. आधी पाठीखाली काहीतरी हललं, मग मॅट उचलली गेली. उरलेली रात्र पत्र्याच्या शेडमध्ये ओल्या गोधड्यांवर बसून काढली. सकाळी मामा आले, तंबूकडे बघितलं आणि म्हणाले, “भाऊ, तो ओहोळ हाये. दिवसा आला असता तर सांगितलं असतं ना.”

तेव्हापासून मऊ वाळू दिसली की आधी वर डोंगराकडे बघतो. वाळू आणि गोल खडे पाणीच आणून टाकतं. शेजारच्या झुडपांत पालापाचोळा एकाच दिशेने अडकलेला असेल तरी तेच. आणि नोव्हेंबरात पाऊस नसतो असं समजू नका, द्राक्षवाल्यांना विचारा. ते आभाळाकडे बघून फवारणीचं बोलायला लागले की तुम्हीही बेत पुढे ढकला.

पाण्याचं झालं की वर बघा. वाळकी फांदी, मोडून अडकलेलं लाकूड डोक्यावर असेल तर ती जागा नको. कड्याच्या किंवा उंच झाडाच्या खाली असाल तर आग्या मोहोळ आहे का बघा. काळपट, अर्धगोल, लोंबणारं. धुराने आणि उग्र अत्तराने त्या माश्या बिथरतात. आग्या मोहोळाखाली शेकोटी पेटवणारी मंडळी मी पाहिली आहेत, म्हणून सांगतो.

मग आडवं व्हा. खरंच, ताडपत्री टाकून दोन मिनिटं उताणे पडा. डोळ्यांना सपाट दिसणारी जमीन पाठीला सपाट लागत नाही. थोडा उतार असेलच तर डोकं वरच्या बाजूला. संडासापासून तीस पावलं लांब, पण रस्ता दिसेल इतपत. हापशाजवळ नको, पहाटे पाचला बायका पाणी भरायला येतात आणि तुमच्या तंबूच्या दोऱ्या त्यांच्या पायांत येतात.

खडे वेचताना मोठा दगड थेट हाताने उचलायचा नाही. आधी काठीने उलटायचा, आपल्याकडे खाली विंचू असतो. दगड लागणारच आहेत, कारण इथे खुंटी सहसा चार बोटांच्या पुढे जात नाही. मुरूम, आणि त्याखाली कातळ. हातोडी आपटून खुंट्या वाकवण्यापेक्षा दोरीला नारळाएवढा दगड बांधा आणि त्याच्यासमोर दुसरा, त्याहून मोठा टेकवा.

ताडपत्री तंबूच्या बाहेर डोकावू देऊ नका. तिची कड बाहेर राहिली की दव तिच्यावर पडतं आणि ओघळून थेट तुमच्या खाली येतं. तंबूच्या वरच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा. नवखा माणूस थंडीने सगळं बंद करतो आणि पहाटे कापडाच्या आतून थेंब पडायला लागले की तंबू गळतो म्हणून दुकानदाराला शिव्या देतो. ती त्याचीच वाफ असते.

संध्याकाळ

साडेपाचला चूल किंवा शेगडी पेटलेली हवी, साडेसहाला जेवण व्हायला हवं. अंधारात कांदा चिरताना बोट आणि कांदा सारखेच दिसतात. ब्युटेनच्या छोट्या डब्याची शेगडी असेल तर गारठ्यात तिची ज्योत मरगळते. डबा वापरायच्या आधी अर्धा तास गोधडीत गुंडाळून ठेवा. शेगडी तंबूत पेटवायची नाही. थंडी कितीही असो, चहा कितीही छोटा असो.

शेकोटी गावाने ठरवून दिलेल्या जागीच. राखीव वनात आग लावणं हा १९२७च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे, आणि नोव्हेंबरनंतरचं गवत कागदासारखं पेटतं. सरपण झाडं मोडून आणायचं नाही, गावातून मोळी विकत घ्यायची. विझवताना माती लोटून निघून जाऊ नका. मातीखाली निखारा तासन्‌तास जिवंत राहतो. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि राखेवर तळहात टेकवता आला की मगच झोपायला जा.

रात्री दहानंतर स्पीकर बंद. मी तर सुरूच करू नका म्हणेन. शेजारचा पाडा पहाटे चारला उठतो.

रात्र

उरलेलं अन्न तंबूत ठेवू नका. मुंगळे येतात, उंदीर येतात आणि उंदरामागे साप. डब्यात घालून गाडीत ठेवा, गाडी नसेल तर सुतळीने फांदीला टांगा. बूट बाहेर ठेवू नका, गावची कुत्री एकच बूट नेतात. सकाळी घालण्याआधी झटका.

सापांबद्दल सांगतो, घाबरवायला नाही. मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या उबेला येते, आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. म्हणून आत जाताना आणि बाहेर येताना तंबूची चेन पूर्ण लावायची, दर वेळी, दोन मिनिटांसाठी गेलात तरी. रात्री बाहेर पडताना टॉर्च पायाशी. काही झालंच तर दंश झालेला भाग हलवायचा नाही, चिरायचं नाही, करकचून बांधायचं नाही, भगताकडे वेळ घालवायचा नाही. १०८ला फोन, किंवा गाडीत घालून सरळ सरकारी रुग्णालय. तुमच्या जागेला त्र्यंबक जवळ की इगतपुरी, हे दुपारीच मामांना विचारून ठेवा. रेंज मैदानात नेमकी कुठे येते तेही तेव्हाच बघा. आमच्याकडे ती शेडच्या मागच्या दगडावर उभं राहिलं की येते.

बिबट्या नाशिककराला नवा नाही, तो शहरातल्या सिडकोतही येऊन गेलाय. त्याला सहसा तुमच्यात रस नसतो. पण मटणाची हाडं टाकली की कुत्री जमतात आणि कुत्र्यांसाठी तो येतो. तेव्हा हाडं पिशवीत, लहान मुलं अंधार पडल्यावर हाताशी आणि रात्री लघवीला एकट्याने लांब जायचं नाही.

संडास नसेल किंवा नको वाटला तर पाण्यापासून सत्तर-ऐंशी पावलं दूर, खुरप्याने वीतभर खोल खड्डा, आणि नंतर मातीने बुजवायचा. कागद आणि सॅनिटरी पॅड पिशवीतून घरी.

सकाळ

उठल्यावर लगेच तंबू आवरू नका. दवाने कापड चिंब असतं. चहा करा, ऊन अंगावर येऊ द्या. एवढ्यात गाई येतील आणि तुमच्या दोरीला अंग घासतील. हाकलू नका, दगड सरकवा.

निघताना दुपारी रचलेले दगड विस्कटून टाका, सुतळीचे तुकडे वेचा, शेवटी तंबूच्या जागी उभे राहून एक गोल फेरी मारा. खुंट्या मोजा, एक हमखास कमी भरते आणि ती गवतात असते. कचऱ्याची पिशवी पाड्यात ठेवायची नाही, तिथे घंटागाडी येत नाही. ती नाशिकपर्यंत गाडीत.

घरी आलात की दमला असाल, तरी तंबू पिशवीतून काढा आणि गच्चीवर दोरीवर पसरा. वरून कोरडा वाटतो, पण तळाच्या शिवणीत ओल राहते. मी एकदा पिशवी तशीच माळ्यावर टाकली होती. पुढच्या महिन्यात उघडली तर कापडावर काळे ठिपके आणि दमट गोणपाटाचा वास. बुरशीचे ते ठिपके अजून गेलेले नाहीत.